उकिरड्याची दैना

आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे : उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते. माणसाने दुर्दशेत धीर सोडू नये, एवढाच बोध आपण तीतून घेतो आणि पुढे जातो. परंतु ज्या कोणा अनामिकाने ही म्हण प्रथम उच्चारली, त्याने उकिरडा नीट डोळ्यांनी पाहिला होता, याविषयी मला शंका नाही. घरामागे साचत गेलेली घाण एके दिवशी गाडीत भरून शेतावर जावी, तेथे तिचे पीक व्हावे, आणि जिच्याकडे पाहून नाक मुरडले तीच वस्तू अन्न होऊन पुन्हा आपल्या पानात पडावी, हा प्रकार त्याच्या नित्याच्या पाहण्यातला होता. त्याच्या म्हणीत काव्य असेल. पण त्याहून अधिक हिशेब आहे.

हा हिशेब आज कोठे तरी चुकला आहे. आपल्या नगरांच्या वेशीवर जे कचऱ्याचे डोंगर उभे राहिले आहेत, त्यांची दैना बारा वर्षांनी तर नाहीच, पण पन्नास वर्षांनीही फिटताना दिसत नाही. मुंबईतील देवनारच्या भूमीवर सन १९२७ पासून कचरा पडू लागला. सन २०१६ च्या जानेवारीत तेथे लागलेल्या आगीच्या धुराने अर्धे शहर कोंदले. असे का व्हावे? केर पूर्वीही होता. मग पूर्वीच्या केराचे सोने झाले आणि आजच्या केराचे विष का होते? या प्रश्नाकडे मी आज इतिहासाच्या वाटेने जाणार आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे, नगरशासनातील अधिकारीही नव्हे. उल्हास नदीच्या काठी जन्मलेला आणि उभा जन्म खडू-फळ्याच्या सहवासात घालविलेला मी एक शिक्षक आहे. यास्तव उदाहरणे शक्य तो माझ्याच मुलखातील, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन शेजारी नगरांतील देईन. आणि जेथे ती अपुरी पडतील तेथे बाहेर पाऊल टाकीन.

आमचे घर बदलापूर गावात, स्टेशनापासून दूर, नदीच्या अंगास होते. परसाच्या टोकाला उकिरडा होता. गोठ्यातील शेण, गुरांनी टाकलेले गवत, चुलीतील राख, भाजीची देठे, फळांच्या साली आणि अंगणातील पाचोळा, असा सारा ऐवज तेथे जाई. आजीचा एक दंडक मात्र फार कडक होता. फुटक्या बांगडीचा तुकडा, गंजका खिळा, मोडकी सुई किंवा कंदिलाच्या चिमणीची काच ही उकिरड्यावर टाकावयाची नाही. त्यासाठी पडवीच्या कोपऱ्यात एक फुटके मडके ठेवलेले असे. एकदा मी आळसाने एक काच उकिरड्यावर भिरकावली. आजीने मला परत पाठविले आणि ती काच सापडेपर्यंत घरात घेतले नाही. रडकुंडीस येऊन मी विचारले, ‘‘एवढ्याशा काचेने काय होणार?’’ ती म्हणाली, ‘‘आषाढात तुझे आजोबा लावणीला चिखलात उतरतील तेव्हा कळेल. त्यांच्या पायांत वहाण नसते.’’

त्या वयात हे उत्तर मला केवळ शिक्षेचा भाग वाटले. आज माझ्या डोक्यावरचे केस पांढरे झाल्यावर ध्यानात येते की, कचरा निराळा का करावयाचा याचे याहून स्वच्छ उत्तर मी कोणत्याही अहवालात वाचलेले नाही. आमच्या घरात केर वेगवेगळा होत असे, कारण तो कोणाच्या पायाखाली जाणार हे घरातील प्रत्येकाला ठाऊक होते.

आता या मुलखाची खताची भूक किती जुनी आहे ते पाहा. ठाणे जिल्ह्यातील भाताचा शेतकरी रोप टाकण्यापूर्वी जमीन भाजतो. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेणी व गवत यांचे थर वाफ्यावर पसरून, वर माती टाकून, ते उन्हाळ्याच्या अखेरीस पेटवून देण्याच्या या रीतीस राब म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारच्या जंगल खात्याने फांद्या तोडण्यावर निर्बंध घातले, तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष माजला. त्याची चौकशी करण्यास मुंबई सरकारला एक आयोग नेमावा लागला, आणि सन १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात राबाच्या प्रश्नाची सविस्तर चर्चा आहे. ओंजळभर पाल्यासाठी प्रजेने सरकारशी भांडावे, इतकी ज्या भूमीला कुजणाऱ्या वस्तूंची चणचण होती, त्याच भूमीवर आज कुजणाऱ्या वस्तूंचेच डोंगर उभे आहेत! दैवाची थट्टा म्हणावी तर याहून मोठी थट्टा सापडणे कठीण.

हा उलटा फेरा कसा आला? आरंभ रेल्वेने झाला. आगगाडी सन १८५४ साली कल्याणास आली आणि सन १८५६ साली खोपोलीपर्यंत गेली. तिच्या वाटेवरील अंबरनाथ हे त्या काळी शके ९८२ मधील, म्हणजे सन १०६० च्या, शिवमंदिराचे एक लहानसे गाव होते, आणि बदलापूर ही एक व्यापारी वस्ती होती. विसाव्या शतकात अंबरनाथास आगपेट्यांचा कारखाना आला, दारूगोळ्याचा कारखाना आला, मागाहून रसायनांचे कारखाने आले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर लष्कराची छावणी पडली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित बांधवांना त्याच छावणीच्या बराकींत आश्रय मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे उल्हासनगरची कोनशिला बसविली गेली. सर्वस्व गमावून आलेल्या त्या लोकांनी अवघ्या तेरा-एक चौरस किलोमीटरांत जे उद्योगी नगर उभे केले, त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु बराकीला परसू नसते. गोठा नाही, शेत नाही, आषाढात चिखलात उतरणारे आजोबा नाहीत. सन २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात गेली होती. एवढ्या स्वयंपाकघरांतील देठे-साली कोणाच्या शेतात जाणार, या प्रश्नाचे उत्तर कोणापाशीच नव्हते. म्हणून तो प्रश्न विचारणेच बंद झाले.

तसे पाहता आमच्या मुंबई इलाख्यात या प्रश्नाची दोन उत्तरे फार पूर्वीच दिली गेली होती. एकास मी पुण्याची वाट म्हणतो आणि दुसऱ्यास मुंबईची वाट.

पुण्याची वाट अशी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव भागात तेथील नगरपालिका शहरातील मैला, राख व केर यांचे सोनखत करू लागली, आणि मुठा कालव्यावरील उसाचे बागाईतदार ते विकत घेऊ लागले. प्रारंभी त्यांनी नाके मुरडली, विटाळाच्या गोष्टी काढल्या. पण उसाचे पेर पाहिल्यावर शंका मावळल्या. शहराची घाण शेतात जाऊन तेथून गूळ होऊन परत येई. तथापि या चित्राची काळी बाजू लपविणे हे इतिहासाच्या शिक्षकास शोभणार नाही. हे सोनखत ज्यांच्या डोक्यावरून वाहिले जाई, त्यांच्या वाट्यास त्या सोन्याचा कणही येत नसे; एका जातीला पिढ्यान्‌पिढ्या घाणीशी बांधून बाकीच्यांनी आपली स्वच्छता मिळविली होती. पुण्याची वाट मातीच्या दृष्टीने बरोबर आणि माणुसकीच्या दृष्टीने सपशेल चुकीची होती.

मुंबईची वाट अगदी निराळी. कुर्ल्याहून चेंबूरकडे जाणारा रेल्वेचा फाटा सन १९०६ साली घातला गेला, तो मुळी शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी. उतारूंना तो सन १९२४ साली खुला झाला. शहरातून उचलावयाचे आणि दृष्टीआड नेऊन टाकावयाचे, हे या वाटेचे सूत्र. दृष्टीआड सृष्टी! पण ज्या गावाच्या वेशीवर ती सृष्टी जाऊन पडे, त्या गावालाही डोळे होते, हे कोणी लक्षात घेतले नाही. पुढे आपल्या सर्व वाढत्या नगरांनी ही दुसरीच वाट धरली, कारण तीत विचार करण्याचे श्रम नव्हते.

विद्येची उणीव होती असेही नाही. सन १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे आल्बर्ट हॉवर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने खत करण्याची जी पद्धत सिद्ध केली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. सन १९३१ साली तिच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे, ही आपण विसरलेली गोष्ट. पद्धत साधी आहे. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर द्यावयाचे, ओल राखावयाची आणि तीन महिन्यांत तीन वेळा ढीग उलथावयाचा. उलथावयाचा एवढ्याकरिता की, आतील सूक्ष्म जंतूंना वारा मिळावा. वारा मिळाला म्हणजे ते जंतू पदार्थ झपाट्याने कुजवितात, ढीग हात भाजण्याइतका तापतो, त्या उष्णतेने रोगजंतू व माश्यांच्या अळ्या मरतात, आणि उरते ती काळी, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाची माती. पुढे सन १९३९ च्या सुमारास बंगळूर येथे डॉ. आचार्य यांनी शहरांसाठी चरांची पद्धत सांगितली. तीत केर व मैला यांचे थर मातीने झाकून ठेवावयाचे आणि पाच-सहा महिने वाट पाहावयाची. महायुद्धाच्या काळात अन्नाची टंचाई पडली व ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली, तेव्हा नगरपालिकांनी शहरी खत करावे म्हणून सरकारने उत्तेजनही दिले.

पुण्याच्या वाटेवरील माणुसकीची चूक दुरुस्त करण्याचा मोठा यत्न कोकणात झाला. अप्पासाहेब पटवर्धन हे उच्चविद्याविभूषित ब्राह्मण. सन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली म्हणून त्यांनी अन्न कमी केले, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभिला. सन १९४८ साली त्यांनी कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापिला व तेथे मैल्याचे आणि केराचे खत करण्याचे प्रयोग चालविले. आपली घाण आपण हाताळावी, दुसऱ्याच्या डोक्यावर देऊ नये, आणि ती मातीला परत करावी, असे त्यांचे म्हणणे होते. माती आणि माणुसकी यांची फारकत त्यांनी मिटविली. कोकणच्या गांधींचे हे काम आपल्या पाठ्यपुस्तकांत चार ओळींतही येत नाही, याचे मला शिक्षक म्हणून वाईट वाटते.

मग एवढी विद्या, एवढी माणसे असता घोडे अडले कोठे? स्वातंत्र्यानंतरची एक कथा याचे उत्तर देते. सन १९७५ नंतरच्या काही वर्षांत केंद्र सरकारच्या साहाय्याने देशातील अनेक मोठ्या शहरांत शहरी कचऱ्यापासून खत करणारे यांत्रिक कारखाने उभारले गेले. यंत्रे मोठी होती, खर्च मोठा होता, आशाही मोठी होती. दहा वर्षे होतात न होतात तोच त्यांतील बहुतेक बंद पडले. कारण यंत्रात जाणारा कचरा घरातून एकत्र कालवलेलाच येत असे. त्यातून जे खत निघे त्यात काचेचे कण, पत्र्याचे तुकडे व प्लास्टिकच्या चिंध्या असत. शेतकऱ्याने ते मुठीत घेऊन पाहिले आणि खाली टाकले. त्याच्या पायांची काळजी कोणा अभियंत्याने केली नव्हती. पण त्याला दोष काय द्यावा? ती काळजी ज्या हजारो स्वयंपाकघरांनी करावयाची, त्यांनीच ती केव्हाची सोडून दिली होती.

हा दोष दुसऱ्यांना देण्याचा मला मुळीच अधिकार नाही. उल्हासनगरातील ज्या शाळेत मी शिकवीत होतो, तेथे एके वर्षी मी मोठ्या उत्साहाने खतखड्डा खणविला. फळ्यावर सुविचार लिहिला, मुलांकडून घोषणा म्हणवून घेतल्या. मधल्या सुट्टीतील डबे त्या खड्ड्यात रिकामे होऊ लागले. त्यांबरोबर गोळ्या-बिस्किटांचे कागद, पेनाच्या कांड्या आणि फुटलेल्या खिडकीची काचही गेली. मी पाहिले, पण एवढ्या-तेवढ्यासाठी मुलांचा हिरमोड कशाला, म्हणून बोललो नाही. उन्हाळ्यात आमच्या वृद्ध माळ्याने ते खत गुलाबाच्या वाफ्यांत मिसळण्यास घेतले आणि त्याच्या तळपायात काच घुसली. त्याला मधुमेह होता. जखम भरून येण्यास चार महिने लागले. त्यानंतर तो पूर्वीसारखा चालू शकला नाही. त्याने मला कधी शब्दाने दुखविले नाही. मला मात्र त्या दिवशी आजीचे फुटके मडके आठवले. जी गोष्ट एका निरक्षर बाईने मला शिकविली होती, ती मी तीनशे मुलांना शिकवावयास विसरलो होतो.

एकत्र कालवलेला कचरा कचराभूमीवर गेला म्हणजे काय होते, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. आपल्या नगरांतील कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास भाग कुजणाऱ्या ओल्या वस्तूंचा असतो. उंच ढिगाच्या पोटात वारा पोहोचत नाही. तेथे निराळ्याच जातीचे जंतू वाढतात व मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू निर्माण करतात. पृथ्वीचे वातावरण तापविण्याच्या कामी हा वायू कार्बन डाय-ऑक्साइडहून शंभर वर्षांच्या हिशेबाने पंचवीस पटींहून अधिक समर्थ आहे. तोच ठिणगी पडताच पेटतो आणि त्याबरोबर प्लास्टिक जळून विषारी धूर पसरतो. पावसाळ्यात ढिगातून काळे पाणी झिरपते व ओढ्यांत, विहिरींत उतरते. लक्षात घ्या, श्रोतेहो, हा सर्व उपद्रव मुख्यतः त्या निम्म्या ओल्या भागाचा आहे. म्हणजे जो भाग सर्वांत सहज सोने होऊ शकतो, तोच अस्थानी पडल्यामुळे सर्वांत अधिक विषारी होतो.

माझ्या वर्गात कचराभूमीलगतच्या वस्तीतील एक मुलगा होता. ‘माझा आवडता ऋतू’ या निबंधात त्याने पावसाळा निवडला. बाकीच्या मुलांनी इंद्रधनुष्य आणि मोर लिहिले होते. त्याने लिहिले होते की, पावसाळ्यात डोंगर पेटत नाही, म्हणून आई रात्री खोकत नाही. मी त्याच्या शुद्धलेखनाच्या चार चुका तांबड्या शाईने दाखविल्या व दहापैकी सात गुण दिले. मजकुरावर एक अक्षरही लिहिले नाही. काय लिहिणार होतो? त्या डोंगरात माझ्या घरच्या साली होत्याच.

आता अलीकडच्या काळाकडे येतो. सन १९९६ साली अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात शहरांच्या कचऱ्याविषयी याचिका केली. तीतून सन २००० चे नियम जन्मास आले. सन २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरीच निराळा करण्याचे कर्तव्य थेट नागरिकावर टाकले, आणि कुजणारा कचरा भराव भूमीकडे न जाऊ देण्याची दिशा दाखविली. म्हणजे आजीचा दंडक राजपत्रात छापून आला! परंतु राजपत्र वाचून कोणी मडके निराळे ठेवीत नाही. त्यासाठी पलीकडच्या टोकाला कोण उभे आहे ते दिसावे लागते.

ज्या ज्या ठिकाणी ते दिसले, त्या त्या ठिकाणी काम झाले. पुण्यात सन १९९३ साली कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिचे नावच कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, आणि रोज दाराशी येणारी बाई नावाने ओळखीची झाली. ओळखीच्या बाईच्या हाती फुटका बल्ब भाताच्या खरकट्यात घालून देण्याचा संकोच माणसाला वाटतोच. भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू व खत देणारे संयंत्र प्रचारात आणले. त्याचे नाव ‘निसर्गऋण’. ऋण हा शब्द मला फार समर्पक वाटतो, कारण साल ही आपली मालमत्ता नव्हे, मातीकडून घेतलेली उसनवारी आहे.

सिंधुदुर्गातील वेंगुर्ले हे अवघ्या बारा-तेरा हजार वस्तीचे गाव. सन २०१५ नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तेथील जुन्या कचराभूमीचे रूपांतर उद्यानात झाले. घराघरांतून निराळा झालेला कचरा तेथे अधिक बारकाईने वेगळा होऊ लागला, ओल्या कचऱ्यापासून वायू व वीज मिळू लागली, आणि लोक आपल्या कचऱ्याचे काय होते ते पाहावयास मुलाबाळांसह जाऊ लागले. कोणी म्हणेल, वेंगुर्ल्याची गोष्ट वेगळी. लहान गावात सर्व साधते. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आमच्या शेजारीच आहे. कल्याण-डोंबिवलीची वस्ती सन २०११ मध्येच बारा लाखांवर होती. तेथील आधारवाडीची कचराभूमी कित्येक दशके पेटत होती, आणि ती बंद होईल यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. तेच कोकरे तेथे उपायुक्त म्हणून आले. कचरा वेगळा केलेला नसेल तर तो स्वीकारावयाचा नाही, असा आग्रह धरला गेला. आणि सन २०२१ च्या मे महिन्यात आधारवाडीस कचरा टाकणे थांबले. तेथे सर्व आलबेल आहे असा माझा दावा नाही. पण आकार ही अडचण नव्हती, एवढे सिद्ध झाले.

आणि आमची तीन नगरे? सन १९८३ साली कल्याणची महानगरपालिका झाली तेव्हा अंबरनाथ व बदलापूर तीत होती. सन १९९२ साली ती निराळी झाली. कारभार वेगळे झाले, पण कचऱ्याची कथा एकच राहिली. उल्हासनगरचा कचरा म्हारळच्या अंगास पडे, तो पुढे कॅम्प पाचकडे गेला. अंबरनाथचा मोरिवलीहून चिखलोलीकडे सरकला. बदलापूरचा वालिवलीस पडत आला. जेथे ओरड झाली तेथून उठावयाचे आणि जेथे ओरडणारे थोडे तेथे जाऊन बसावयाचे, हीच ती मुंबईची वाट! अलीकडच्या वर्षांत तिन्ही नगरांनी मिळून वालिवलीस सामायिक घनकचरा प्रकल्प करावा, अशी योजना पुढे आली. तिला माझा विरोध नाही. तीन शेजाऱ्यांनी एकत्र येऊन यंत्रसामग्री उभारणे शहाणपणाचेच आहे. माझी भीती निराळी आहे. तिघांचा उकिरडा तो कोणाचाच उकिरडा नव्हे. कचरा जितका दूर जातो, तितका त्याच्या पलीकडचा माणूस अनोळखी होतो. आणि तो अनोळखी झाला की पुन्हा काच आणि साल एका पिशवीत पडतात. मग सन १९७५ नंतरच्या त्या यांत्रिक कारखान्यांचा इतिहास आपण वालिवलीस पुन्हा लिहू. म्हणून माझे म्हणणे एवढेच की, सामायिक भूमीवर फक्त उरलेसुरले जावे. ओल्या कचऱ्याने शक्य तो आपल्या वस्तीची हद्दच ओलांडू नये.

हे बोलणे सोपे आहे, करणे कसे असते तेही सांगतो. आमच्या सोसायटीत अठ्ठावीस बिऱ्हाडे आहेत. तीन वर्षांपूर्वी आम्ही जिन्याखाली भोके पाडलेले चार पिंप मांडले. पहिल्या महिन्यात दुर्गंधी सुटली, चिलटे झाली, आणि सभेत मला पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. चूक अशी होती की, आम्ही नुसत्या साली घालीत होतो. ओल्या सालींत नायट्रोजन अधिक असतो. जंतूंना त्याच्या सुमारे तीसपट कार्बन लागतो, आणि तो सुक्या पाल्यात असतो. रस्त्यावरचा पाचोळा जाळण्याऐवजी पोत्यात भरून ठेवला, प्रत्येक थरावर मूठभर पसरू लागलो, आठवड्यातून एकदा ढीग हलवू लागलो, वास गेला. तरी तीन बिऱ्हाडे पिशवीच्या पिशवी तशीच टाकीत असत. त्यांना सांगून थकलो.

गेल्या वैशाखात बारवीच्या बाजूचा एक भातशेतकरी, माझा जुना विद्यार्थी, खत नेण्यास टेम्पो घेऊन आला. त्याने ओंजळभर खत घेतले, बोटांनी चुरून पाहिले आणि विचारले, ‘‘काच-बिच नाही ना यात, गुरुजी? पोरे अनवाणी असतात लावणीला.’’ त्या वेळी अंगणात पाच-सहा बिऱ्हाडांची माणसे उभी होती. त्या तीन बिऱ्हाडांपैकी दोघांच्या गृहिणीही होत्या. कोणी काही बोलले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्या दोन घरांतून ओले आणि सुके निराळे येऊ लागले. तिसऱ्या घराची मी अजून वाट पाहत आहे.

श्रोतेहो, इतिहासाचा एवढाच निष्कर्ष मी आपल्यापुढे ठेवतो. उकिरड्याची दैना आपोआप फिटत नाही. ती फेडणारा कोणी तरी लागतो, आणि तो घरातच असावा लागतो. आज रात्री स्वयंपाकघर आवरताना हातातील वस्तू टाकण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि ती कोणाच्या तळपायाला, कोणाच्या हाताला भेटणार आहे, याचा विचार करा. पिशव्या दोन कराव्यात की तीन, हे मग कोणी सांगावे लागणार नाही.